रंग बघून मी म्हणालो, "धामण आहे"



गेल्या आठवड्यात एक चित्र मला दिवसभरात पाच ग्रुपवर आलं. चार सापांचे फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: काळा आणि फण्यावर दहाचा आकडा असेल तर नाग, पिवळसर तपकिरी आणि आकडा नसेल तर धामण, धामण बिनविषारी, घाबरू नका. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यात काही शंका नाही. पण हे चित्र बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण असंच एक "घाबरू नका" मी स्वतः म्हणालो होतो, आणि ते आमच्या धाकट्याच्या जिवावर आलं होतं. ही गोष्ट मी आजवर पानावर लिहिली नव्हती. आज लिहितो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आडसाली उसाचा पाला काढायचं काम चाललं होतं. सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. धाकटा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो पुढच्या सरीत होता, मी मागच्या. तो एकदम ओरडला आणि हात झटकला. मी पळत गेलो तर पाल्यात शिरणारं तपकिरी अंग दिसलं, मनगटाएवढं जाड, लांबलचक. फणा नाही, आकडा नाही, काळा रंग नाही. पन्नाशी गाठलेला माणूस मी, आख्खं आयुष्य रानात गेलेलं. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "धामण आहे रे, काही होत नाही. हात धू."

त्यानं हात धुतला. बोटाला जोराची आग होत होती, सूज चढत होती. वहिनीनं हळद लावली. आम्ही बांधावर बसून चहा घेतला, ते आठवलं की आजही मला लाज वाटते. पाऊण तासानं तो म्हणाला, "दादा, डोळ्यासमोर दोन-दोन दिसायलंय." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं तर पापण्या खाली आल्या होत्या, झोप आल्यासारख्या. बोलताना जीभ अडखळत होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटारसायकलवर मधी बसवून तालुक्याला नेला. तिथं प्रतिविषाच्या बाटल्या चढवल्या, इंजेक्शनं दिली, आणि श्वास जड झाला म्हणून नळी घालून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवला. सहा दिवसांनी तो घरी आला. जीव वाचला. पण बोटाचं मांस काळं पडून गेलं, दुसऱ्या जागेची कातडी लावावी लागली. ते बोट आज वाकत नाही. खुरपं धरताना तो तीनच बोटं आणि अंगठा वापरतो. माझ्यासमोर धरतो तेव्हा मी दुसरीकडं बघतो.

वहिनी मला कधी एका शब्दानं बोलली नाही. एकदाच म्हणाली, "भावजी, तुम्ही धामण म्हणालात म्हणून आम्ही थांबलो." बस. त्या दिवसापासून मी साप ओळखायचा नीट अभ्यास करायला लागलो. आणि अभ्यास करून माझं जे मत झालंय ते आधीच सांगतो. साप ओळखायला शिका, जरूर शिका. पण ती ओळख चाव्याच्या आधी वापरायची आहे. चावा झाल्यावर ओळखीच्या नादाला लागायचं नाही. आणि रंगावर तर कधीच भरवसा ठेवायचा नाही.

आधी रंगाचं बघू.

आपल्या रानातला नाग एकाच रंगाचा नसतो. गव्हाळ असतो, तांबूस तपकिरी असतो, मातकट असतो, करडा असतो, काळाकुट्टही असतो. एकाच शिवारात दोन रंगांचे नाग मी बघितलेत. काळ्या रानात काळा आणि तांबड्या मातीत तांबडा, असाही काही नियम नाही. तसंच धामणीचं. पिवळसर, तपकिरी, हिरवट आणि बरीच काळपट धामणही असते. म्हणजे रंगाची वाटणी करायला गेलं तर दोघांचे रंग एकमेकांत मिसळलेले.

राहिला दहाचा आकडा. भारतातल्या बहुतेक भागात जो नाग आहे त्याला शास्त्रात नाजा नाजा म्हणतात. १७५८ साली लिनियसनं त्याची नोंद केलेली आहे. त्याच्या फण्यावर चष्म्यासारखी खूण असते, तिलाच आपण दहाचा आकडा म्हणतो. पण ही खूण काही नागांच्या अंगावर पुसट असते आणि काहींच्या अंगावर नसतेच. दुसरं म्हणजे ती फण्याच्या पाठीमागच्या बाजूला असते. नाग तुमच्याकडं तोंड करून उभा राहिला तर तुम्हाला आकडा दिसतच नाही. तुम्हाला दिसतो गळा, आणि गळ्याखाली एक-दोन काळपट आडवे पट्टे. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, फणा काढला तरच हे सगळं. पाल्यात, वैरणीच्या गंजीत, बिळाच्या तोंडाशी असलेला नाग फणा काढून आपली ओळख पटवून देत बसत नाही. पाय पडला, हात गेला, की चावतो आणि निघून जातो. धाकट्याला चावला तो तसाच गेला.

उलट बाजूनंही फसगत होते. पाणदिवड, ज्याला कुणी विरोळा म्हणतं, ती पाटाच्या कडेला डिवचली की मान चपटी करते आणि डोकं वर उचलते. लोक ओरडतात, नाग, नाग! आणि बिचारीला ठेचतात. धूळनागीण नावाचा एक बिनविषारी साप आहे, त्याच्या पिलाच्या अंगावर आडवे पट्टे असतात आणि तोही मान जरा चपटी करतो. लोक त्याला नागाचं पिलू समजून मारतात. आणि धामणीचं तर विचारूच नका. नागाची मादी म्हणजे धामण, हे आमच्याकडं अजून निम्मं गाव मानतं. अहो, नागाची मादी नागीणच असते, तीही नाजा नाजाच. तिलाही फणा असतो, तीही तेवढीच विषारी. धामण ही पूर्ण वेगळी जात. पण ह्या एका समजुतीपायी काय होतं बघा. कुणी नाग समजून धामण मारतो, आणि कुणी माझ्यासारखा धामण समजून नागाला हलक्यात घेतो. दोन्हीकडं नुकसान आपलंच.

मग ओळखायचं कशावरून? खवल्यांवरून. रंग बदलतो, खूण पुसट होते, पण जातीजातीच्या खवल्यांची मांडणी सहसा बदलत नाही. इंग्रजांच्या काळात फ्रँक वॉल नावाचा लष्करातला डॉक्टर होता. त्यानं विषारी साप खवल्यांवरून कसे ओळखायचे याचं पुस्तकच लिहिलं आणि मुंबईच्या बीएनएचएस संस्थेनं ते छापलं. त्याची रीत आजही चालते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, ती रीत हातात धरून बघायच्या सापासाठी आहे. जिवंत सापाच्या ओठाचे खवले मोजायला गेलात तर मोजणी पुरी व्हायच्या आधी तुमची तिरडी बांधावी लागेल. मेलेल्या सापाचंही तेच. तुटलेलं मुंडकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं, हात लावायचा नाही.

मग शेतकऱ्यानं खवले शिकायचे कशावर? कातीवर.

बांधाच्या दगडात, गोठ्याच्या वळचणीला, मोटरच्या पेटीमागं, कडब्याच्या गंजीत कात सापडते. आपण ती काठीनं उडवून देतो. कुणी पैसा येतो म्हणून तिजोरीत ठेवतो. मी सांगतो, ती कात म्हणजे तुमच्या रानात कोण राहतं याचा दाखलाच आहे. धाकटा बरा झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याच सरीच्या वरच्या बांधाला मला एक कात सापडली. ती त्याच सापाची होती असं मी छातीठोक सांगत नाही. पण आमच्या भागातला एक सर्पमित्र पोरगा आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं ती कात पाटावर पसरली आणि मला ओठाचा तिसरा खवला दाखवला. म्हणाला, "काका, हा नाग आहे." त्या दिवशी मी शिकलो ते तुम्हाला सांगतो.

कात तोंडापासून सुटते आणि मोजा उलटा काढावा तशी आतली बाजू बाहेर येऊन निघते. निघताना कात ताणली जाते, म्हणून ती सापापेक्षा लांब भरते. कातीवरून सापाची लांबी सांगायला जाऊ नका. रंगही जवळपास उडालेला असतो, आणि शिकायला तेच बरं, कारण रंगानं फसायची सोयच राहत नाही. हातमोजा घाला किंवा चिमट्यानं उचला, पांढऱ्या कागदावर ठेवा, थोडं पाणी शिंपडून मऊ करा, आणि उजेडात बघा.

पहिलं बघायचं ते डोकं. ते शाबूत मिळालं तर निम्मं काम झालं. नाकाच्या टोकावर एकटा खवला असतो, तो सोडायचा. तिथून वरच्या ओठाच्या कडेनं मागं एक, दोन, तीन असं मोजायचं. नागाचा तिसरा खवला मोठा असतो, आणि तो पुढं नाकपुडीच्या खवल्याला आणि मागं डोळ्याला, दोन्हीकडं टेकतो. नाकापासून डोळ्यापर्यंत पूल बांधावा तसा. धामणीला असा पूल नसतो. तिच्या नाकपुडीचा खवला आणि डोळा यांच्या मधी दोन-तीन बारके जादा खवले असतात. पाणदिवडीलाही मधी जादा खवला असतो, धूळनागिणीलाही असतो. म्हणून ही खूण सगळ्यात भरवशाची. आपल्याकडं जमिनीवरच्या सापांत असा तिसरा खवला नागाला असतो, नाहीतर पोवळा सापाला. पोवळा पेन्सिलीएवढा बारीक असतो, त्याची आणि मोठ्या नागाची गल्लत होत नाही. खालच्या ओठातही नागाची एक बारकी खूण आहे. चौथ्या आणि पाचव्या खवल्याच्या मधी कडेला एक इवलासा तिकोनी खवला, पाचरीसारखा ठोकलेला. भिंग असेल तर बघा.

दुसरं, पाठीच्या ओळी. कातीच्या बरोबर मधोमध मोजायच्या. पोटाचे खवले रुंद, पट्ट्यांसारखे असतात, ते सोडायचे. त्यांच्या एका कडेपासून तिरकं मोजत पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत यायचं. नागाच्या ओळी २१ ते २५ भरतात. फण्याच्या जागी मोजलं तर जास्त भरतात, म्हणून मधीच मोजायचं. धामणीच्या बहुतेक १७ भरतात. पाणदिवडीच्या १९. पण इथंही घाई नको. धूळनागिणीच्या २१ ते २३ भरतात, म्हणजे नागाच्या आकड्यात बसतात. नुसत्या ओळी मोजून निकाल दिला तर पुन्हा फसगत. ओठाचा तिसरा खवला आणि ओळी, दोन्ही जुळले तरच नाग म्हणायचं.

तिसरं, खवल्यांचा पोत. नागाचे खवले गुळगुळीत असतात. पाणदिवडीच्या खवल्यांवर मधोमध उभी कणी असते, धामणीच्या पाठीच्या वरच्या ओळींवरही पुसट कणी दिसते. घोणस आणि फुरशाच्या कणी तर ठळक, कात हाताला खरखरीत लागते. त्यांच्या डोक्यावर मोठे खवले नसून बारीक बारीक असतात, आणि पाठीच्या ओळी बहुतेक सत्तावीस किंवा त्याहून जास्त.

चौथं, शेपटी. गुदद्वारावरचा खवला नागाला अखंड असतो, धामणीला दुभंगलेला. त्याच्या पुढं शेपटीखालचे खवले नागाला जोडीजोडीनं असतात. मण्यारीला ते एकेरी असतात, आणि तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ जाते, मधाच्या पोळ्याच्या घरांसारखी. पाठीच्या कण्यावर ही षटकोनी ओळ आणि शेपटीखाली एकेरी खवले, दोन्ही दिसले की समजायचं मण्यार आहे, आणि त्या घरात जमिनीवर अंथरूण टाकायचं नाही.

आता कुणी विचारेल, नागाच्या इतर जातींचं काय? भारतात नाजा कुळाचे चार नाग आहेत. आपला चष्मेवाला. बंगाल, ओडिशा आणि ईशान्येकडं एका वाटोळ्या खुणेचा नाग, नाजा कौथिया. वायव्येला डोंगरी भागात नाजा ऑक्सियाना, मोठेपणी त्याच्या फण्यावर खूण नसते. आणि अंदमानात नाजा सॅजिटिफेरा. महाराष्ट्राच्या शिवारात आपली गाठ पहिल्याशीच. म्हणून आपल्याकडं बिनखुणेचा तपकिरी नाग दिसला तर तो कुठल्या परदेशी जातीचा आहे असं समजू नका, तो आपलाच नाजा नाजा आहे. नागराज म्हणजे किंग कोब्रा ही आणखी वेगळी जात. त्याच्या पाठीच्या ओळी १५ असतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन मोठे जादा खवले असतात. तो सह्याद्रीत गोव्यापासून खाली दक्षिणेला दाट जंगलात राहतो. २०२४ साली शास्त्रज्ञांनी किंग कोब्राच्या चार जाती केल्या, त्यात सह्याद्रीतल्या जातीला ओफिओफॅगस कालिंगा असं नाव दिलं. कालिंग हे तिकडच्या कानडी लोकांचं नाव. खवले मोजणारी माणसं अजून नव्या जाती वेगळ्या काढतात, आणि आपण फोटोतला रंग बघून दोन सेकंदात निकाल देतो.

तर ही झाली ओळख. तिचा फायदा काय? फायदा मोठा आहे. कातीवरून कळलं की बांधावर धामण आहे, तर तिला राहू द्या. उंदरांसाठी तिच्यासारखा दुसरा गडी नाही, आणि ती पगार मागत नाही. उंदीर कमी झाले तर उंदरांच्या मागं येणारा नागही घराजवळ कमी येतो. कळलं की गोठ्यात नागाची कात आहे, तर बिळं बुजवा, कडबा भिंतीपासून लांब रचा, सरपणात हात घालायच्या आधी काठी घाला, सर्पमित्राला बोलवा. नाग असो की धामण, मारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघांनाही संरक्षण आहे. आमच्यापासून बत्तीस शिराळा लांब नाही. तिथं पिढ्यानपिढ्या नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व्हायची, पुढं उच्च न्यायालयानं ती बंद केली. देव मानून पकडायचा आणि भीतीपोटी ठेचायचा, या दोन्हींच्या मधी एक तिसरी वाट आहे. त्याला त्याच्या जागी ओळखून आपण सावध राहायचं.

आता दुसरी बाजू, माझ्या मते जास्त महत्त्वाची. चावा झाला की ही सगळी विद्या गुंडाळून ठेवायची.

कारण सांगतो. आपल्याकडं मिळणारं सापाचं प्रतिविष एकाच बाटलीत चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोड्यांना ह्या चारही सापांचं विष थोडं थोडं देऊन ते तयार करतात. म्हणजे डॉक्टरनं नागाची वेगळी आणि घोणसाची वेगळी बाटली उघडायची नसते. डॉक्टर बघतो ती लक्षणं. पापणी पडते का, गिळता येतं का, श्वास कसा आहे. घोणस-फुरशासाठी रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात. साप पिशवीत घालून नेला काय आणि न नेला काय, डॉक्टरचं काम लक्षणांवर चालतं. पण साप शोधायला, मारायला, ओळखायला घालवलेला अर्धा तास कुणी परत देत नाही. आणि त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो, हेही घडतं.

कुणी म्हणेल, फोटो तरी काढावा की. काढा, साप समोर उघड्यावर असेल, दोन माणसं लांब असतील आणि गाडी येईस्तोवर वेळ असेल तर. फोटोचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. घाटातल्या बांबू चापड्यासारख्या सापावर हे प्रतिविष चालत नाही, तिथं डॉक्टरला फोटो कामाला येतो. पण फोटोसाठी पाचट उचकटायचं नाही. फोटो मिळाला तर मिळाला, नाहीतर निघायचं. आणि मण्यारीचं तर काय, ती रात्री झोपेत चावते, दुखत नाही, साप दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो. तिथं कुणाचा रंग बघणार?

आणि सगळ्यात घातक वाक्य कुठलं, तर "बिनविषारी असेल." आपण साप "विषारी आहे" असं चुकून म्हणालो तर फार तर दवाखान्यात एक दिवस झोपावं लागतं, खर्च होतो, लोक हसतात. "बिनविषारी आहे" असं चुकून म्हणालो तर माणूस जातो. दोन चुका सारख्या नाहीत. म्हणून माझा आता घरात नियम आहे, चावलेला प्रत्येक साप नागच. दवाखान्यात डॉक्टर लक्ष ठेवेल आणि २४ तासांनी म्हणेल जा घरी, तेव्हा ती धामण होती असं समजायचं. त्याच्या आधी नाही.

२००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली असं २०२० साली आलेल्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि जवळपास निम्मी पावसाळ्यात. २०२४ साली केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केलाय. चांगली गोष्ट. पण आराखडा दिल्लीत होतो आणि चावा सरीत होतो. रात्रीची लाईट आली की आपण बॅटरी नसताना, अनवाणी पाणी द्यायला उतरतो, त्याला आराखडा काय करणार?

चावा झाल्यावर काय करायचं ते पुन्हा एकदा, कारण हे कितीदा सांगितलं तरी कमीच:

माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालवू नका, पळवू नका. धीर द्या.

अंगठी, जोडवी, बांगड्या, घड्याळ, पायातले पैंजण लगेच काढा. सूज चढली की ते रुततात.

चावलेला हात-पाय फळकुटाला किंवा काठीला बांधून हलू देऊ नका. दोरी करकचून आवळायची नाही. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, चुना-हळद लावायची नाही. धाकट्याच्या बोटाला आम्ही हळद लावली, तेवढाच वेळ गेला.

१०८ ला फोन करा. गाडीला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा. मोटारसायकल असेल तर मधी बसवा, मागं एक जण धरून बसेल असा.

मांत्रिकाकडं नाही, देवळात नाही. दवाखान्यातून सुखरूप आल्यावर देवाला जावा, देव रागावत नाही.

आता शेवटचं, आणि हे कृषी खात्यातल्या मंडळींसाठी. साहेब, तुम्ही शेतीशाळेत आम्हाला मित्रकीड आणि शत्रुकीड शिकवता. ढालकिड्याच्या अळीला शत्रू समजून मारायचं नाही हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. तसंच धामणीचं शिकवा. एका पुठ्ठ्यावर नागाची कात आणि शेजारी धामणीची कात चिकटवा, ओठाचा तिसरा खवला लाल पेननं दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि त्याच पंधरा मिनिटांत हेही सांगा, की चावा झाला तर हे सगळं विसरायचं. दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. नुसती ओळख शिकवली तर माझ्यासारखे अर्धवट जाणकार तयार होतात, आणि अर्धवट जाणकार हा अडाण्यापेक्षा धोक्याचा. अडाणी माणूस घाबरून दवाखान्यात तरी जातो.

शेतकरी भावांना एवढंच, की प्रतिविष कुठल्या दवाखान्यात मिळतं ते आजच फोन करून विचारा. तो नंबर मोटरच्या पेटीवर रंगानं लिहून ठेवा. मी लिहिलाय. त्याच्या खाली धाकट्यानं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिलीय: "साप कुठला, ते नंतर." अक्षर वाकडं आलंय, बोट वाकत नाही म्हणून. पण लांबून वाचता येतं.

कुणाच्या रानात कात सापडली तर डोक्याच्या भागाचा जवळून फोटो काढून खाली टाका, बसून ओळखू. घाई नाही.